ट्रिंचीच्या बापाचं नाव

इंदू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका परक्या कबरस्तानात गुडघे टेकून दगडावरचं शेवाळ काढत होतो. खिशातला फोन वाजला. मेधाचा होता. मेधा आमची मुलगी. मी तिला बोलूच दिलं नाही.

"आईला सांग, दगड सापडला," मी म्हणालो. "पण अर्धा जमिनीत गेलाय. 'ट्रिंची' एवढंच वर दिसतंय. बापाचं नाव खाली असणार."

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन नीट लागत नसेल. मी उठून उंचवट्यावर गेलो आणि तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"बाबा, घरी या," मेधा म्हणाली.

"येतोच आहे. तिला म्हणावं, उद्या खुरपं घेऊन..."

"बाबा, गाडी सावकाश चालवा. आता घाई नाहीये."

मग मला कळलं. तरी मी खाली गेलो, ब्रश बादलीत बुडवून धुतला, पाणी ओतून दिलं आणि बादली गाडीत ठेवली. दगड ओला होता. त्यावरचं नाव उन्हात वाळत चाललं होतं.

सकाळी मी जायला तयार नव्हतो. नर्स येऊन गेली होती, इंदूनं दोन चमचे पेज घेतली होती. मी म्हणालो, उद्या जातो. ती म्हणाली, "उद्या पाऊस सांगितलाय. आजच जाऊन या. तिच्या बापाचं नाव तेवढं बघून या." शेवटचं बोलली ती एवढंच. माझ्याबद्दल नाही, मेधाबद्दल नाही. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या एका डच बाईच्या बापाबद्दल. याचा मला राग आला होता आणि तो पुष्कळ दिवस गेला नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. मी बॉयलरवर काम करणारा माणूस. मिरजेहून आधी मुंबईला गेलो, तिथून अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या बरंच वर हडसन नदीकाठी एका कागद गिरणीत लागलो. मेधा तिथंच वाढली आणि तिनं पीटर फान रोडेनशी लग्न केलं. पीटरचे पूर्वज हॉलंडहून जहाजानं आले ते न्यूयॉर्कला न्यूयॉर्क हे नाव पडायच्या आधी. त्या गावात अर्ध्या रस्त्यांना आणि सगळ्या ओढ्यांना त्यांच्यातल्याच कोणाची तरी नावं आहेत. पीटरला त्याचं काही नाही. त्याला आजोबांचं पूर्ण नाव विचारलं तर तो हॅना आत्याला फोन करतो. हॅना म्हणजे त्याच्या बापाची बहीण. लग्न केलेलं नाही, वयानं माझ्याहून मोठी, दातांनी माझ्याहून चांगली.

मेधाला दिवस गेले तेव्हा इंदूचं दुखणं कळून चुकलं होतं. बाळ बघायला मिळेल की नाही याची खात्री नव्हती. तिनं ठरवलं की बाळाला गोधडी शिवायची. साधी नाही. प्रत्येक चौकोन म्हणजे एक माणूस, त्यावर साखळी टाक्यानं त्याचं नाव. अर्ध्या गोधडीत पीटरकडची माणसं, इंग्रजी अक्षरांत. अर्ध्या गोधडीत आपल्याकडची, मराठीत. बाळ पांघरूण घेईल ते आपल्या सगळ्या माणसांचं.

हॅनानं तिला कापडं आणून दिली. जुने पडदे, एप्रन, पिठाच्या पोत्याचं कापड. त्याबरोबर घराण्याची माहितीही आणली. दोघी दिवसभर बसायच्या. इंदूचं इंग्रजी कामापुरतं आणि हॅनाला मराठी शून्य, पण मेलेल्या माणसांबद्दल बोलायला त्यांना शब्द कमी पडले नाहीत.

एकदा मी कामावरून आलो तर इंदू मोठ्या खुशीत होती. म्हणाली, "अहो, यांच्या बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावायच्या. यान नावाच्या माणसाची मुलगी ती मरेपर्यंत यानची मुलगी. पोराच्या बाप्तिस्म्यालासुद्धा आईचं नाव माहेरचं. म्हणून तर सापडतात एकेक."

"मग पुढं काय झालं? हॅनाच्या आईचं तर सासरचंच नाव होतं."

"इंग्रज आले. त्यांची पद्धत लागली."

"इंग्रजांनी कुठं धड काही ठेवलंय?"

ती हसली. मग म्हणाली, "एकच अडलीय बघा. ट्रिंची. गेरिटची बायको. कुणाची कोण, काही पत्ता नाही."

मी म्हणालो, ज्याची पणजी त्याला फिकीर नाही, तू का डोकं शिणवतेस? ती म्हणाली, "त्याला नाही म्हणूनच." आणि सुईत दोरा ओवायला मला दिला, कारण तिचे हात तेव्हापासून थरथरायला लागले होते.

आपल्याकडच्या बाजूबद्दल मी कधी विचारलं नाही. आपली माणसं, ती काय शोधायची? ती बाजू घडी करून खालीच असायची. वर दिसायची ती फान रोडेनांची.

इंदूचं सगळं झाल्यावर लोक येऊन भेटून गेले. घरात डबे साठले. गोधडी तिच्या खुर्चीवर होती तशीच होती, ट्रिंचीच्या चौकोनात सुई टोचून ठेवलेली. चौकोनावर 'ट्रिंची' एवढं भरलं होतं आणि पुढं जागा सोडली होती. मेधाला महिना-दीड महिन्यात मूल व्हायचं होतं. मी ठरवलं की मूल यायच्या आत ते नाव लावायचं. दुसरं काही माझ्या हातात राहिलंच नव्हतं.

कबरस्तान ज्या चर्चचं, तिथं गेलो. देखभाल करणारा हार्मन नावाचा गृहस्थ होता, उंच, लाल मानेचा. मी त्याला सांगितलं की दगडाभोवतीची वीतभर माती काढायची आहे, वाचून झाल्यावर पुन्हा लोटून देतो. तो म्हणाला, दगड जुना आहे, हलवला तर तुटेल. मी म्हणालो, हलवत नाही. तो म्हणाला, समितीला विचारावं लागेल. समिती कधी बसते? पानगळ संपल्यावर. आधी नाही का बसत? बसते, पण छपराचा विषय चालू आहे.

मी पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो. हार्मन दर वेळी कॉफी द्यायचा आणि दर वेळी छप्पर सांगायचा. शेवटी त्यानं विचारलं, तुम्ही फान रोडेन आहात का? नाही, म्हटलं. मग कोण लागते ती तुमची? मी म्हणालो, माझ्या मुलीच्या होणाऱ्या मुलाची पणजीच्या पणजीच्या वरची कोणी. तो बराच वेळ हिशेब करत राहिला आणि म्हणाला, समितीसमोर हे असं सांगू नका.

घरी येऊन मी चहाची कपबशी आपटली. ती फुटली. मेधा पोटावर हात ठेवून उभी होती.

"बाबा, पुरे झालं आता."

"तिनं सांगितलंय."

"आई आजारी होती. औषधांच्या गुंगीत होती."

"गुंगीत नव्हती. पाऊस कधी आहे ते तिला ठाऊक होतं."

"तुम्ही एकदाही बसून रडला नाहीत. नुसते त्या हार्मनच्या मागे लागलायत. ती बाई कोण लागते तुमची?"

हाच प्रश्न हार्मननंही विचारला होता. मी काचा गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी हॅना आली. मेधानंच बोलावलं असणार, मला समजावायला. हॅनानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्याकडे खुरपं आहे?"

"आहे."

"मग बसलायस कशाला?"

मी म्हणालो, समितीची परवानगी नाही. ती म्हणाली, "समितीत मी आहे. मी दिली परवानगी."

"एकटीची चालते?"

"नाही चालत. पण मला काढून टाकायला त्यांना बैठक घ्यावी लागेल, आणि छपराचा विषय चालू आहे."

आम्ही दुपारी गेलो. हॅनानं घडीची खुर्ची आणली होती. ती दगडाशेजारी बसली आणि मला सूचना देत राहिली. हळू. उजवीकडे मूळ आहे. तू बॉयलर उघडत नाहीयेस. मी म्हणालो, बॉयलर बरा, तो निदान उघडतो. माती घट्ट होती, त्यात खडे. आधी खुरप्यानं आणि मग बोटांनी काढत गेलो. नावाखाली एक ओळ दिसायला लागली. अक्षरं वरच्यापेक्षा खोल होती, मातीनं राखलेली. मी त्यावर पाणी ओतलं आणि हॅनाला बोलावलं. ती खुर्चीतून उठून माझ्या शेजारी गवतात बसली. बोट फिरवत तिनं वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"काय आहे?"

"थांब."

तिनं आणखी माती काढायला लावली. खाली आणखी एक ओळ होती, मग दगड संपला. खाली नुसती माती.

"'गेरिट फान रोडेनची बायको,'" हॅनानं वाचलं. "खाली मेल्याचं साल."

"आणि बाप?"

"नाही."

"मागच्या बाजूला असेल."

"मागे कोणी कोरत नाही, श्री." ती मला श्री म्हणायची, श्रीपाद तिला जमलं नाही. "तोपर्यंत इंग्रजांना येऊन बरीच वर्षं झाली होती. लोकांनी नवी पद्धत उचलली होती. दगड हिच्या आईचा असता तर त्यावर बापाचं नाव मिळालं असतं. हिच्यावर नाही."

मी तरी मागची बाजू बघितली. हात घालून चाचपली. ती खडबडीत होती, जशी खाणीतून आली तशी. इतके दिवस, इतक्या खेपा, हार्मनची ती पाणचट कॉफी, आणि इंदूजवळ नव्हतो तो तास, हे सगळं या कोऱ्या दगडासाठी. मी खुरपं फेकून दिलं. ते दुसऱ्याच कोणाच्या कबरीवर जाऊन पडलं. थोड्या वेळानं मीच जाऊन ते उचलून आणलं.

माती लोटताना हॅना म्हणाली, "दुसऱ्याचं काय झालं?"

"दुसरं कसलं?"

"दुसरा चौकोन. तिचे दोन राहिले होते. मला म्हणाली होती, एक तुमच्याकडचा, एक आमच्याकडचा. बघू कुणाचा आधी भरतो."

मी म्हणालो, तुझा काहीतरी घोटाळा होतोय, आमच्याकडची सगळी माणसं माहीत आहेत. हॅनानं खुर्ची मिटली. म्हणाली, "मला तुमची अक्षरं वाचता येत नाहीत. तू बघ."

घरी येऊन हात धुतले आणि गोधडी उलगडून पलंगावर पसरली. आपली बाजू मी पहिल्यांदा बघत होतो. माझा चौकोन माझ्या कामावरच्या निळ्या शर्टाचा होता. श्रीपाद दामोदर आगटे. माझे वडील, आजोबा, पणजोबा. माझी आई, आणि तिच्यावर सासरचं यमुना हे नाव नव्हतं, तर 'चिमी महादेव साने' होतं. हे इंदूला कधी कळलं, आईनं तिला कधी सांगितलं, मला माहीत नाही. मी स्वतः ते पहिल्यांदाच वाचत होतो.

माझ्या शेजारी इंदूचा चौकोन. तिच्या लग्नातल्या शालूचा काठ लावलेला. त्यावर इंदुमती नव्हतं. आगटे नव्हतं. 'वत्सला जनार्दन टेंबे' असं होतं.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी इंदुमती लिहिलं होतं. भटजींनी दोन-तीन नावं सुचवली होती, त्यातलं हे लिहायला सोपं वाटलं. त्या दिवसानंतर मी तिला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही आणि तिनंही कधी काही म्हटलं नाही. चौकोनावरचे टाके नीट होते. म्हणजे हात थरथरायच्या आधीचे. तिनं स्वतःचं नाव सगळ्यांत आधी भरलं होतं.

तिच्या वर तिचे वडील. त्यांच्या शेजारी सासूबाईंचा चौकोन, इरकली लुगड्याच्या तुकड्याचा. ते लुगडं इंदूनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं, ते तिनं कापलं कधी हेही मी पाहिलं नव्हतं. त्यावर 'विष्णू लेले' एवढं शेवटाला भरलं होतं. म्हणजे बापाचं नाव आणि आडनाव होतं. सुरुवातीची जागा मोकळी होती. मोकळ्या जागेत खडूची फिकट रेघ होती, अक्षरं सरळ यावीत म्हणून मारलेली.

सासूबाईंना आम्ही आई म्हणायचो. सगळा गाव जानकीकाकू म्हणायचा. जानकी हे टेंब्यांनी ठेवलेलं.

मी पायांवर गोधडी घेऊन फोन लावला. इकडे रात्र होती, मिरजेत सकाळ. इंदूचे थोरले भाऊ अनंतराव तेव्हा होते. चहा पीत असावेत, बशीचा आवाज आला.

"श्रीपादराव, तब्येत काय म्हणते?"

"ठीक आहे. एक विचारायचं होतं. तुमच्या आईचं माहेरचं नाव काय हो?"

"लेले."

"आडनाव नाही. त्यांचं नाव. जानकीच्या आधीचं."

बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "वच्छी पण हेच विचारायची. गेले काही महिने. दर रविवारी फोन करायची नि आधी हेच."

वच्छी. मला क्षणभर कळलं नाही की कोणाबद्दल बोलतायत.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? आजोळी तिला बायो म्हणायचे. पण बायो तर सगळ्याच पोरींना म्हणतात. मामा लहानपणीच गेला. आजोबांना मी पाहिलेलंच नाही. घर विकलं, घेणाऱ्यांनी पाडलं. आई तेराव्या वर्षी इकडं आली आणि जानकी झाली. आम्हाला कधी विचारावंसं वाटलंच नाही, आणि विचारावंसं वाटलं तेव्हा ती नव्हती. मी वच्छीला म्हटलं, काहीतरी घाल एखादं. गंगा घाल, गोदा घाल. त्या काळी तीच नावं असायची."

"काय म्हणाली ती?"

"रागावली. म्हणाली, तिकडं लोक तीन-तीनशे वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं काढून देतायत आणि मला माझ्या आईचं नाव कोणी सांगेना. मी म्हटलं, बाई गं, आता कुणाला विचारू? श्रीपादरावांना विचार, ते तुला तांदळात लिहून एखादं नाव काढून देतील." ते हसले आणि मग त्यांचं हसू तिथंच राहिलं. "थट्टा केली हो मी. तेच आमचं शेवटचं बोलणं."

मी विचारलं, लेल्यांपैकी कोणीच नाही का? ते म्हणाले, पुण्याला एक चुलत घराणं आहे असं ऐकलं होतं, पण तिथले लोक आम्हाला ओळखत नाहीत. त्यांनी चौकशी करायचं कबूल केलं. मला माहीत होतं की करतील, आणि हेही माहीत होतं की काही निघणार नाही. त्यांनी दोन-तीनदा फोन केला. पुण्याच्या लेल्यांच्या वंशावळीत सगळ्या पुरुषांची नावं होती, विष्णूपंतांचंही होतं. मुली नुसत्या 'कन्या' अशा लिहिलेल्या होत्या.

मी मेधाला बोलावून गोधडी दाखवली. तिला मराठी वाचता यायचं, पण अडखळत. तिनं एकेक नाव बोट ठेवून वाचलं. वत्सलावर आली तेव्हा म्हणाली, "ही कोण?"

"तुझी आई."

ती पलंगावर बसली. त्या दिवशी आम्ही दोघं रडलो. कितीतरी वेळ. पीटर दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. थोड्या वेळानं तो पाण्याचे दोन ग्लास घेऊन आला, मग हॅनाला फोन करून त्यानं विचारलं की अशा वेळी काय करायचं असतं. हॅनानं सांगितलं, काही नाही, पाणी दे. ते त्यानं आधीच दिलं होतं, म्हणून तो परत एकदा घेऊन आला.

मेधाला मुलगी झाली. गोधडीच्या कडा हॅनानं शिवून दिल्या. ती म्हणाली, रिकाम्या जागी एखादं फूल भरू का, दिसायला बरं दिसेल. मी नको म्हणालो. सुई मात्र काढून घेतली, बाळाला टोचायला नको म्हणून.

ती मुलगी आता कॉलेजात जाते. नाव तिचं वत्सला. तिच्या मित्रमैत्रिणी तिला वॅट म्हणतात, ते मला आवडत नाही, पण ती ऐकत नाही. जाताना तिनं गोधडी बरोबर नेली. हॅना गेली, अनंतराव गेले. चर्चचं छप्पर झालं. मी अजून कधी मिरजेला फोन करतो, पुण्याला करतो, कोणी म्हातारं माणूस आहे का विचारतो.

ट्रिंचीच्या बापाचं नाव लागलेलं नाही. माझ्या सासूबाईंचं नाव लागलेलं नाही. दोन्ही चौकोन अजून तसेच आहेत.